कथाबीज, घडण आणि अदत्तादान

कथालेखनाकडे नव्याने वळणाऱ्यांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पूर्वी कोणी लिहिलेल्या कथेची कल्पना घेऊन आपण कथा लिहिली, तर ते वाङ्मयचौर्य ठरते काय? हा प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक भिडस्त. आपल्याला सुचलेली गोष्ट आधीच कोणी तरी लिहिली आहे असे कळताच तो चांगली कथा अर्ध्यावर सोडून देतो. दुसरा धीट. तो एखाद्या जुन्या दिवाळी अंकातील कथा उचलतो, पात्रांची नावे आणि गाव बदलतो, आणि "कल्पना तर सर्वांचीच असते" असे म्हणून ती स्वतःच्या नावावर छापून आणतो. या दोघांची वाटचाल परस्परविरुद्ध असली तरी त्यांचा गैरसमज एकच आहे. कथा म्हणजे तिचे कथानक, असे दोघेही धरून चालतात. या गैरसमजामुळे पहिल्याच्या हातून लेखन घडत नाही व दुसऱ्याच्या हातून अपराध घडतो. म्हणून या प्रश्नाचा जरा मुळातून विचार करणे आवश्यक आहे.

सोने आणि मुखवटा

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील, श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव शके ९८२ (इ.स. १०६०) च्या मराठी ताम्रपटामुळे अभ्यासकांना परिचित आहे. सर्वसामान्य लोकांना मात्र ते ठाऊक झाले ते एका सुवर्ण मुखवट्यामुळे. १९९७ साली तेथील एका सुपारीच्या वाडीत खोदकाम करताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. पुढे मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी मंदिराच्या दोन रखवालदारांचे प्राण घेऊन तो लुटून नेला. आरोपी पकडले गेले, परंतु तपासात जे सोने हाती आले ते वितळवलेल्या स्थितीत होते. २०२१ साली नवा मुखवटा घडवून त्याची प्रतिष्ठापना करण्यात आली.

या दुःखद घटनेचा येथे उल्लेख करण्याचे कारण एवढेच की, सोने आणि घडण यांतील भेद तिच्यामुळे डोळ्यांपुढे स्पष्ट उभा राहतो. सोन्याचा गोळा परत मिळाला म्हणून जुना मुखवटा परत मिळाला, असे कोणीही म्हणणार नाही. धातू राहिला, पण ज्या अज्ञात कारागिराने डोळे, सोंड, मुकुट यांना आकार दिला होता, त्याचे काम कायमचे नष्ट झाले. कथेचेही असेच आहे. लोभ, मत्सर, ताटातूट, पुनर्भेट, सापडलेले धन, हरवलेले मूल ही कथेची द्रव्ये होत. ती कोणा एकाच्या मालकीची नाहीत. लेखकाचे स्वतःचे म्हणून जे असते ते त्या द्रव्याला त्याने दिलेले रूप होय. फरक इतकाच की, दिवेआगरच्या चोरांना सोने हवे होते, रूपाशी त्यांना कर्तव्य नव्हते. वाङ्मयचोर नेमके याच्या उलट वागतो. सोने सर्वांसाठी खुले असताना तो दुसऱ्याने घडवलेला मुखवटाच उचलून नेतो.

वेदब्भ जातकाचा प्रवास

सापडलेले धन आणि त्यापायी होणारा घात, हेच कथाबीज उदाहरणादाखल घेऊ. पालि जातकसंग्रहातील अठ्ठेचाळिसावे जातक 'वेदब्भ जातक' या नावाने प्रसिद्ध आहे. ठराविक नक्षत्रयोगावर मंत्र म्हणून आकाशातून रत्नांचा वर्षाव करविणारा एक ब्राह्मण पाचशे चोरांच्या हाती सापडतो. मंत्राचा प्रयोग करू नये, असे त्याचा शिष्य असलेला बोधिसत्त्व त्यास बजावतो. तरीही सुटकेच्या आशेने ब्राह्मण धनवर्षाव करवितो. चोरांची दुसरी टोळी येऊन तशाच धनाची मागणी करते. आता पुन्हा तो योग येण्यास वर्ष लागेल, असे ऐकताच ती टोळी त्याला ठार करते. नंतर टोळ्या आपसात लढतात आणि अखेरीस दोघेच उरतात. एक तलवार घेऊन धनाची राखण करतो, दुसरा भात आणावयास गावात जातो. राखण करणारा परतलेल्या सोबत्याला कापून काढतो, आणि त्याने आणलेला भात खाऊन स्वतःही मरतो, कारण त्या भातात विष कालवलेले असते.

इंग्रज कवी चॉसर याच्या चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या 'कँटरबरी टेल्स' या ग्रंथात हीच गोष्ट येते. तेथे तीन उनाड तरुण मृत्यूला ठार मारण्यासाठी निघतात. त्यांना झाडाखाली सोन्याचा ढीग सापडतो. सर्वांत धाकटा अन्नपाणी आणावयास गावात जातो व मद्यात विष मिसळून आणतो. उरलेले दोघे त्याला मारतात, आणि ते मद्य पिऊन स्वतःही मरतात.

सांगाडा जवळजवळ तोच आहे. म्हणून चॉसरला कोणी चोर म्हणत नाही. जातक ही गोष्ट ज्या प्रसंगाच्या निमित्ताने सांगते तो एका हट्टी भिक्षूचा प्रसंग आहे. हितकर्त्याचा उपदेश न ऐकता चुकीच्या उपायाने हित साधू पाहणारा स्वतःचा व इतरांचाही नाश ओढवून घेतो, हे तेथील तात्पर्य आहे. चॉसरने ही गोष्ट पापमोचनपत्रे विकणाऱ्या, लोभाविरुद्ध प्रवचन करणाऱ्या आणि स्वतः मात्र पराकाष्ठेच्या लोभी असलेल्या एका माणसाच्या तोंडी घातली आहे. त्यामुळे गोष्टीइतकाच गोष्ट सांगणाराही उघडा पडतो. हे रूप जातकात नाही. ते चॉसरचे आहे.

जातकांच्या बाबतीत असा प्रवास अपवादात्मक नाही. माकड आणि मगर यांची गोष्ट सुंसुमार जातकात आहे, तशीच पंचतंत्रातही आहे. सिंहाचे कातडे पांघरलेला गाढव सीहचम्म जातकात आहे, आणि इसापच्या नावावरील कथांतही आहे. दसरथ जातकात रामाची कथा येते, पण तेथे सीता ही रामाची बहीण आहे. अशा ठिकाणी कोणी कोणाकडून घेतले, हे प्रत्येक वेळी ठरविता येत नाही. कित्येकदा दोघांनीही लोकांच्या तोंडून घेतलेले असते. जातकांच्या संकलकांनीही लोककथांचे भांडार मोकळ्या मनाने वापरले आणि तिला अतीतवत्थूचे स्थान देऊन, आधी वर्तमान प्रसंग, मध्ये गाथा आणि शेवटी पात्रांचा मेळ घालणारे समोधान, अशी स्वतःची चौकट दिली. गोष्ट जुनी, चौकट नवी, आणि चौकटीमुळे गोष्टीचा अर्थही नवा, असा हा व्यवहार आहे.

प्राचीन काव्यशास्त्राचा निवाडा

हा विचार आपल्याकडे नव्याने आलेला नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त दोन कवींच्या रचनांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले. पहिले साम्य आरशातील प्रतिबिंबासारखे, दुसरे चित्रासारखे, तिसरे एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन माणसांसारखे. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो, चित्राला असला तरी तो क्षीण असतो. म्हणून ही दोन्ही त्याज्य होत. परंतु दोन माणसे चेहऱ्याने सारखी असली तरी प्रत्येकाचा आत्मा वेगळा असतो. म्हणून तिसरे साम्य कवीने टाळण्याचे कारण नाही.

पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या विषयाला स्वतंत्र अध्याय दिले. हा ग्रंथकार स्वतःला यायावर कुळातील म्हणवितो, आणि त्याचे पणजोबा अकालजलद हे 'महाराष्ट्रचूडामणि' म्हणून ओळखले जात. राजशेखराने शब्दांचे हरण आणि अर्थाचे हरण असा भेद केला, आणि आनंदवर्धनाच्या तीन प्रकारांत 'परपुरप्रवेशसदृश' या चौथ्याची भर घातली. मूळ वस्तू एकच, पण तिची मांडणी सर्वस्वी निराळी, असा हा प्रकार होय. चॉसर आणि वेदब्भ जातक यांचे नाते सांगावयाचे तर हाच शब्द वापरावा लागेल. राजशेखर व्यवहारज्ञ होता. कवी हा थोडाबहुत उचलणारा असतोच, हे त्याने लपविले नाही. उचललेल्याचे कवीने पुढे काय केले, हा त्याचा प्रश्न होता.

मराठी रंगभूमीची साक्ष

मराठीतील उदाहरण पाहावयाचे तर गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत संशयकल्लोळ' घ्यावे. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे मूळ देवलांच्याच 'फाल्गुनराव' या आधीच्या गद्य नाटकात आहे. त्याचे मूळ आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या १७६१ च्या प्रहसनात, आणि त्याचेही मूळ मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनात आहे. एका तसबिरीमुळे नवरा-बायकोंच्या मनात संशय शिरतो, हे बीज तीन भाषांतून फिरले. तरीही फाल्गुनराव आणि कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती ही माणसे फ्रान्सची राहिलेली नाहीत. महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे धारण करणारी ही मंडळी, त्यांची भाषा आणि त्यांची पदे मराठीच आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'चेही तसेच आहे. ते बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन'चे रूपांतर होय, आणि शॉ यांनीही ते नाव व त्यामागील कल्पना प्राचीन ग्रीक पुराणकथेतून घेतली होती. परंतु भाषेच्या उच्चनीचतेचा प्रश्न मंजुळेच्या बोलीत उतरविण्यासाठी मराठी समाजातील बोलींचे भेद कानात मुरलेले असावे लागतात. ते काम शॉ करून ठेवू शकत नव्हते.

या दोन्ही नाटकांची वंशावळ वाङ्मयेतिहासात उघड नोंदलेली आहे. ऋण मान्य केल्याने देवलांची किंवा पु. लं.ची प्रतिष्ठा तिळमात्र कमी झालेली नाही, हे नव्या लेखकाने ध्यानात घ्यावे.

दलित आत्मकथनांच्या बाबतीतही याच गैरसमजातून एक आक्षेप घेतला गेला. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) यांतून भूक, अपमान, शाळा आणि शिक्षणातून बाहेर पडण्याची धडपड हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून या लेखनात तोचतोपणा आहे, असे काही जण म्हणू लागले. परंतु हा क्रम एकाने दुसऱ्याकडून घेतलेला नाही. समाजाने तो सर्वांवर सारखाच लादला होता. 'बलुतं'मधील मुंबईची कावाखान्याची वस्ती आणि 'उपरा'तील कैकाड्यांची पाठीवर बिऱ्हाड घेऊन चाललेली भटकंती यांची अदलाबदल करता येत नाही. कथानक सारखे दिसले म्हणून अनुभव उसना ठरत नाही.

कायदा कोठपर्यंत येतो

भारतात यासंबंधी १९५७ चा कॉपीराइट अधिनियम लागू आहे. त्याचा अर्थ स्पष्ट करणारा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात दिला. आनंद यांनी प्रांतीयतेच्या प्रश्नावर 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले होते. १९५६ च्या 'न्यू दिल्ली' या चित्रपटात आपले नाटक उचलले गेले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्हींत भिन्न प्रांतांची कुटुंबे आणि त्यांतील तरुण-तरुणीचे प्रेम होते. न्यायालयाने दावा मान्य केला नाही. कल्पना, विषय, कथानक अथवा ऐतिहासिक व पौराणिक वस्तुस्थिती यांवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. तो असतो त्या कल्पनेच्या विशिष्ट आविष्कारावर. दोन्ही कृती वाचणाऱ्या वा पाहणाऱ्या सामान्य माणसाच्या मनावर, दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंदिग्ध ठसा उमटतो काय, ही कसोटी न्यायालयाने सांगितली. आविष्काराच्या महत्त्वाच्या भागाची नक्कल असेल तर किरकोळ बदलांचा आधार घेता येत नाही, हेही त्यात आले. म्हणजेच केवळ नावे आणि गाव बदलणाऱ्यास हा निकाल तारत नाही.

येथे दोन सूक्ष्म गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या कृतीवर हक्क राहतो, आणि त्यात भाषांतर व रूपांतर यांचे हक्कही येतात. जातककथा दोन हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेतील आहेत, त्यांवर कोणाचा हक्क नाही. परंतु दुर्गाबाई भागवत यांचा 'सिद्धार्थ जातक' हा मराठी अनुवाद हे त्यांचे लेखन आहे. दुर्गाबाईंचे निधन २००२ साली झाले, म्हणून त्यांच्या वाक्यांवरील हक्क २०६२ अखेरपर्यंत अबाधित आहे. वेदब्भ जातकाची गोष्ट कोणीही सांगावी, दुर्गाबाईंची वाक्ये मात्र परवानगीवाचून उचलू नयेत.

दुसरी गोष्ट अशी की, कायदेशीर असणे आणि प्रामाणिक असणे ही एकच बाब नव्हे. हक्काची मुदत संपलेली एखादी जुनी कथा जशीच्या तशी स्वतःच्या नावावर छापली, तर मुदत संपल्याने स्वामित्वहक्काचा भंग कदाचित होणार नाही, पण वाङ्मयचौर्य निश्चित होईल. येथे कायदा थांबतो आणि शील सुरू होते.

अदत्तादानाची पाच अंगे

पंचशीलातील दुसरे शील न दिलेले घेण्यापासून विरत राहण्याचे आहे. अट्ठकथांनी या दोषाची पाच अंगे सांगितली आहेत. वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असणे, ती तशी आहे याची जाणीव असणे, चोरीचे चित्त असणे, त्यासाठी प्रयत्न करणे, आणि त्या प्रयत्नाने ती वस्तू हरण होणे. हे विवेचन भौतिक वस्तूंबद्दलचे आहे, तथापि वाङ्मयाला ते लावून पाहिले असता आपला प्रश्न बराचसा सुटतो.

धन सापडले आणि सोबत्यांनी एकमेकांचा घात केला, हे बीज कोणाच्याच मालकीचे नाही. तेथे पहिलेच अंग नाही, म्हणून ते घेण्यात दोष नाही. एखाद्या लेखकाने रचलेली प्रसंगांची विशिष्ट गुंफण, त्याची पात्रे, त्याचे संवाद, त्याची वाक्ये मात्र त्याची आहेत. अमुक कथा पुढ्यात ठेवून लिहिणाऱ्यास दुसरे अंगही लागू होते. तिसऱ्या अंगाचा निर्णय सर्वांत कठीण. २००६ साली अमेरिकेत काव्या विश्वनाथन या भारतीय वंशाच्या तरुण लेखिकेची पहिली कादंबरी प्रकाशकांनी मागे घेतली, कारण तिच्यातील अनेक उतारे मेगन मॅककॅफर्टी यांच्या कादंबऱ्यांतील उताऱ्यांशी मिळतेजुळते निघाले. ती पुस्तके आपण आवडीने वाचली होती, त्यांतील शब्द नकळत मनात उतरले, असे त्या लेखिकेने सांगितले. वाचलेले मनात मुरते, हे खरेच आहे. म्हणूनच चित्ताची शुद्धी केवळ 'हेतू नव्हता' असे म्हणून सिद्ध होत नाही. लिहून झाल्यावर हे वाक्य माझे की वाचलेले, असे स्वतःस विचारण्याची जागरूकता त्यासाठी लागते. जागरूकतेचा हा अभ्यास बौद्ध वाचकांना नवा नाही.

पाचव्या अंगाबद्दल एक शंका निघते. वस्तू चोरीस गेली की मालकाकडे ती उरत नाही. कथा चोरली तरी मूळ लेखकाचे पुस्तक त्याच्याजवळच राहते, मग हरण कशाचे झाले? याचे उत्तर विनयपिटकात सापडते. चौथ्या पाराजिकाच्या संदर्भात जगातील पाच महाचोरांचे वर्णन आले आहे. त्यांपैकी दुसरा महाचोर कोण? तथागतांनी प्रकट केलेला धम्मविनय शिकून घेऊन तो स्वतःचाच आहे असे दर्शविणारा भिक्षू. येथे धम्म कमी झाला नाही, कोणाच्या घरातील भांडे गेले नाही. तरीही त्यास चोर म्हटले, आणि तेही गाव लुटणाऱ्या दरोडेखोराच्या पंक्तीस बसवून. कारण त्याने श्रेय हरण केले, आणि ऐकणाऱ्यांच्या विश्वासाचाही घात केला. धम्म शिकणे आणि तो दुसऱ्यांस सांगणे हा दोष नाही, ते तर भिक्षूचे कर्तव्यच होय. दोष आहे तो 'हे माझे' या दाव्यात. म्हणूनच सुत्तांचा आरंभ सांगणारा आपण हे ऐकले आहे अशी कबुली देऊन करतो. दिवेआगरपासून फार दूर नसलेल्या, मांदाडजवळच्या कुडे येथील लेण्यांतही हीच वृत्ती दिसते. तेथील लेण्यांची रचना पुष्कळशी सारखी आहे, पण लेखक, वैद्य, माळी, व्यापारी अशा दात्यांनी आपापले दान आपापल्या नावाने कोरून ठेवले आहे. नमुना सर्वांचा, दान ज्याचे त्याचे.

लेखकाने काय करावे

समजा, दिवेआगरच्या परिसरातील एखाद्या नव्या लेखकास वेदब्भ जातकावरून कथा सुचली. पोफळीच्या वाडीत शिंपण्याचा पाट खणताना दोन भावांना तांब्याची पेटी सापडते. एक राखण करतो, दुसरा जेवण आणण्यासाठी बोर्ली पंचतनला जातो. तेथवर सर्व जुनेच आहे. परंतु वाडीची वाटणी, यंदाच्या रोठा सुपारीचा पडलेला भाव, मुंबईस नोकरी करणाऱ्या धाकट्याबद्दल थोरल्याच्या मनातील अढी, आणि जेवण बांधून देताना वहिनीला आलेली शंका, हे जर त्याने पाहिलेले व जाणलेले असेल, तर ती कथा त्याची आहे. कथा जातकावरून सुचली, अशी एक ओळ त्याने खाली लिहावी. तिने त्याचे काहीच जाणार नाही, उलट वाचकाला जातकाची वाट सापडेल.

हाच प्रसंग दुसऱ्या कोणा मराठी लेखकाने लिहिला असेल, आणि आपल्या लेखकाने त्यातील वहिनी, तिची शंका, तिचे वाक्य आणि शेवटचा प्रसंग त्याच क्रमाने घेऊन गाव तेवढे बदलले, तर तो मुखवटाच उचलणे होय. याच न्यायाने, गोष्ट एखाद्या वृद्ध आजीने जात्यापाशी बसून सांगितली असेल, तर तिच्या सांगण्यातील घडण तिची आहे. तिचे नाव कोणत्याही पुस्तकावर छापलेले नाही. तिला आपला हक्क सांगता येत नाही, म्हणूनच तिच्या संमतीने तिचे नाव नोंदविणे हे शिक्षित लेखकाचे अधिक मोठे कर्तव्य आहे.

कथा छापावयास देण्यापूर्वी लेखकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. मी जे घेतले ते द्रव्य आहे की घडण? ज्याच्याकडून घेतले तो माझी कथा वाचत समोर बसला असता मला अवघडल्यासारखे होईल काय? आणि घेतलेले सर्व बाजूला काढले, तर मागे माझे असे काही उरते काय? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर भिडस्त लेखकाने आपली अर्धवट राहिलेली कथा निःशंकपणे पुरी करावी. ती गोष्ट पूर्वी कोणी तरी सांगितली असेल, पण त्याने अजून सांगितलेली नाही.